दूधवाल्याच्या लेकीचं पोट

पोट फुगायचं, गुडगुडायचं आणि मग संडासाकडे पळापळ. कोल्हापुरात पोट बिघडलं की आरोपी ठरलेलाच असतो, तेव्हा मी आधी मिसळ सोडली, मग तांबडा रस्सा. घरात मटण शिजलं की माझा नुसता जळफळाट व्हायचा. पोटाला थंडावा म्हणून सकाळ-संध्याकाळ पेलाभर म्हशीचं दूध मात्र चालू. दूध माहेरचंच. माझे वडील, आबा, कोडोलीहून मोटारसायकलला कॅन लावून शहरात रतीब घालायला येतात आणि माझी किटली दारात ठेवून जातात.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मिसळ खा, मटण खा. दूध थांबवून बघा."

मी थक्क झाले, मग भडकले. "अहो, आम्ही दुधावर वाढलेली माणसं!"

"वय वाढतं तशी दुधातली साखर पुष्कळांना पचेनाशी होते. ती आतड्यात आंबते, म्हणून गॅस, म्हणून जुलाब. घाबरायचं काही नाही."

चिडूनच दूध बंद केलं. पोट गप्प झालं. झणझणीत मिसळ खाल्ली, तरीही गप्पच! माझा विश्वास बसेना.

आता आबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? जन्मभर त्यांनी स्वतः कोरा चहा प्यायला. "पोरांच्या तोंडचं कमी पडू नये म्हणून बिचारे थेंब घेत नाहीत," असं आई सांगायची आणि पदर डोळ्यांना लावायची. त्या माणसाला म्हणायचं, तुमचं दूध मला बाधतं? किटली मी गुपचूप शेजारी देऊ लागले. शेवटी एका सकाळी राहवेना. दारातच सांगून टाकलं.

आबांनी आधी रस्त्याकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "मलाबी सोसत न्हाई, पोरी. लग्नाच्या आधीपासनं."

"आणि बोलला नाहीत?"

"दूधवाल्यालाच दूध पचत न्हाई म्हटल्यावर गिऱ्हाईक थांबंल व्हय?"

"अहो, पण आईला तरी?"

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आबा किटलीचं झाकण उगाच घट्ट करत राहिले.

"तिला वाटायचं, पोरांसाठी सोडलंय. चारचौघीत सांगायची की. तिचं तोंड असं फुलायचं... कसं सांगणार?"

मी आत जाऊन दोघांसाठी कोरा चहा टाकला.