गेलेलं माणूस मध्यंतरानंतर येतं

तलवारबाजीच्या सिनेमात मध्यंतराच्या आत गुरू मेला नाही, तर सरळ उठून तिकिटाचे पैसे परत मागावेत, असं माझी मावशी म्हणायची. ती स्वतः त्याच थिएटरात नोकरीला होती. पैसे परत द्यायची वेळ आली असती तर मालकाने आधी तिलाच फैलावर घेतलं असतं, पण मत ते मत. म्हातारा गुरू फार जगला की शिष्याला स्वतःचं डोकं चालवायची पाळीच येत नाही, आणि मग लोक जांभया देतात, असं तिचं म्हणणं. हल्ली मुलांबरोबर मी हे उडत्या माणसांचे सिनेमे बघते, तर गुरू काही केल्या मरत नाही. त्याला पुढच्या भागासाठी राखून ठेवलेलं असतं. मावशी असती तर तिने नाक मुरडलं असतं आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं असतं.

बाजाराच्या रस्त्याच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून ते थिएटर होतं. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचंच छप्पर, लाकडी खुर्च्या. पडदा कधीतरी फाटला होता आणि तो जाड दोऱ्याने शिवलेला होता, त्यामुळे नायिका कितीही सुंदर असली तरी तिच्या गालावरून टाके जायचे. मालकाला जे स्वस्तात मिळे ते तो आणी, आणि स्वस्तात मिळत ते परदेशी सिनेमे. डोंगरावरची घरं, अंधारात चमकणाऱ्या तलवारी, कौलांवरून धावणारी माणसं. भाषा कुणाला ओ की ठो कळत नसे. मारामारी चालू असेपर्यंत लोक खूश असत, पण पडद्यावरची माणसं बसून बोलायला लागली की खुर्च्या करकरायला लागत.

मावशी तेव्हा तिकीट खिडकीत बसायची. एकदा लोकांनी फारच कटकट चालवली, तेव्हा ती खिडकी लावून आत आली आणि अंधारात उभी राहून तिने सगळ्यांना दम भरला. गप्प बसा, म्हणाली, तो दाढीवाला त्याचा सख्खा चुलता आहे आणि त्याने पोराच्या बापाचं घर लाटलंय. थिएटर चिडीचूप झालं. चुलत्याने घर लाटणं म्हणजे काय हे सगळ्यांनाच कळत होतं. मालक काही दूधखुळा नव्हता. पुढच्याच आठवड्यात पडद्याच्या बाजूला एक छोटं टेबल आलं, त्यावर माईक आला आणि माईकमागे मावशी आली.

तिची कामाची एक रीत होती. नवा सिनेमा आला की सकाळी ती एकटी तो बघायची, मशीनवाल्याला आवाज बारीक करायला लावून. आवाजाने डोकं उठतं आणि माणसं नीट दिसत नाहीत, म्हणायची. हातात चहाचा ग्लास, पाय समोरच्या खुर्चीवर. कोण कुणाकडे बघतं, कोण नजर चुकवतं, कोण कुणाच्या ताटात वाढतं, एवढ्यावरून ती नाती जुळवायची. तिच्या सिनेमात परका असा कुणी नव्हताच. खलनायक चुलता नाहीतर मेहुणा, जादूगारीण सावत्र सासू. पुढे मी तिच्याबरोबर बसायला लागले तेव्हा तिने मला सगळं समजावून सांगितलं. सांगाडा एकच असतो ग, कपडे तेवढे बदलतात, म्हणाली. आधी घर मोडायचं. मग गुरू भेटायचा, आणि त्याने शिकवायचं सोडून पाणी भरायला लावायचं. त्या पाणी भरण्यातच शिक्षण असतं, पण शिष्याला ते गुरू मेल्यावर समजायचं. फितूर व्हायचा तो घरातलाच. मोठी मारामारी छपरावर, कारण जमिनीवर सगळेच मारतात.

आणि एक नियम तिचा सगळ्यांत लाडका होता. सुरुवातीला जे माणूस घर सोडून जातं, ते मध्यंतरानंतर परत आलंच पाहिजे. यायचं नव्हतं तर त्याला जाताना दाखवलं कशाला?

हा नियम ती कुठून शिकली ते सांगायला हवं. आजी-आजोबा लवकर गेले आणि माझ्या आईला मावशीनेच वाढवलं. वेणी घालण्यापासून कान पिळण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मग आईने एका ट्रक मेकॅनिकशी परस्पर लग्न ठरवलं. माणूस वाईट नव्हता, हे मावशीने पुढे स्वतःच कबूल केलं, राग होता तो न विचारल्याचा. जायचं तर जा, पण मग या घराची पायरी चढू नकोस, असं ती तोंडाने बोलून गेली. आईही हट्टाला कमी नव्हती. तिने गाठोडं बांधलं आणि ती निघाली. मग वर्षं गेली, ना निरोप ना खुशाली. दोघी एकमेकींसाठी झुरत होत्या आणि दोघी ताठ होत्या. मी अशाच दूरच्या एका शहरात जन्मले, आणि मला मावशी आहे हे मी पाच वर्षांची होईपर्यंत मला माहीत नव्हतं.

त्या वर्षी बाबांच्या एका आजारी नातलगाला भेटायला आई मला घेऊन त्या गावी आली. बहिणीच्या गल्लीकडे वळायचंसुद्धा नाही, असं ठरवूनच आली होती. पण बसचा थांबा बाजाराच्या टोकाला. आम्ही थिएटरवरून चाललो होतो आणि पत्र्याच्या भिंतीतून एका बाईचा आवाज बाहेर येत होता. आईचे पाय जागीच थबकले. दारावरच्या पाटीवर दोन तलवारवाल्या बायकांचं चित्र होतं, ते ती बराच वेळ बघत राहिली. मग पुढच्या खेळाची तिकिटं काढून ती मला घेऊन अगदी मागच्या रांगेत बसली.

तो सिनेमा मला अजून पाठ आहे. डोंगरावर एक म्हातारा गुरू असतो आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन बायका. धाकटी सुरुवातीलाच गाठोडं उचलून धुक्यात निघून जाते. मग गुरूचा खून होतो आणि निळी चमकणारी तलवार चोरीला जाते. मोठी रानोमाळ हिंडते, आणि जिथे जाईल तिथे मुखवटा घातलेली पांढऱ्या कपड्यातली कुणीतरी छपरावर उभी असते. शेवटी दोघींची लढाई होते, वाऱ्यावर उडत, कौलं फोडत. मुखवटा गळून पडतो. मोठी बघते, आणि तिच्या हातातून तलवार सुटते.

त्या वेळी मावशी माईकमधून म्हणाली, हिला वाटलं होतं वैरी आहे, पण ही तर हिचीच बहीण. घरातून गेली खरी, पण लांबून हिच्यावर लक्ष ठेवून होती. आता बघा, तलवार टाकली. भांडून भांडून दोघी दमल्या. मोठीचे ओठ हलले आणि मावशी मोठीच्या आवाजात बोलली, "ये. आधी जेवून घे."

लोक डोळे पुसत होते. आई हुंदके देत होती आणि मला वाटलं, तलवार हरवली म्हणून रडतेय. दिवे लागले, गर्दी बाहेर पडली आणि आई मला ओढत थेट त्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. भूक लागली आहे, एवढंच ती म्हणाली. मावशीने माईकची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, हिचे पाय किती मळलेत, घरी गेल्यावर आधी हिचे पाय धू.

त्यानंतर वर्षभरात बाबांनी त्याच बाजारात गॅरेज टाकलं आणि आम्ही मावशीच्या शेजारी राहायला आलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं ती. शाळा सुटली की मी थिएटरात. रिकाम्या खुर्च्यांना येणारा तेलाचा आणि धुळीचा वास, छपराच्या भोकातून पडणारा उन्हाचा कवडसा, आणि मावशी हातवारे करत कुणाला कुणाचा मेहुणा करायचं ते ठरवतेय. कधी चुकायची सुद्धा. एकदा तिने सुरुवातीला नायिकेचा जुळा भाऊ ठरवलेला माणूस शेवटी तिच्याशीच लग्न करायला निघाला, तेव्हा ऐनवेळी तिने त्याला दत्तक घेतलेला करून टाकलं. आई आणि ती रोज भांडायच्या, भाजी चिरण्यावरून, पडदे धुण्यावरून, माझ्या केसांवरून. पण जुन्या भांडणाचं नाव कुणी काढत नसे. "ये, आधी जेवून घे" हे मात्र सगळ्या गावाच्या तोंडी बसलं होतं. नवराबायकोची भांडणंसुद्धा त्यावर मिटायची.

मग आपल्या भाषेत बोलणारे सिनेमे यायला लागले. त्याच परदेशी माणसांच्या तोंडी आपले शब्द. मालकाने मावशीला परत तिकीट खिडकीत बसवलं, अदबीने, पण बसवलंच. तिला वाईट वाटलं. तरी ती म्हणाली, घसा तरी सुटला. खरी पंचाईत पुढेच होती. आपल्या भाषेत आलेला पहिलाच सिनेमा तो दोन तलवारवाल्या बायकांचा निघाला.

मालकाने तो आधी एकट्याने पाहिला आणि तो हसत हसत खिडकीशी आला. "बाई, ती बहीण नव्हतीच हो," म्हणाला, "तिनेच गुरूला मारलंय. शेवटी तलवार पडते ना, ती विषामुळे."

मावशी हसली नाही. त्या दिवशी ती घरी आली ती तशीच कोपऱ्यात जाऊन बसली. मी खनपटीला बसले तेव्हा तिने मला सांगितलं. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून माझी धाकटी परत आली, ती गोष्टच खोटी निघाली. तिला वाटेल, बहिणीने माया म्हणून जे सांगितलं ते नुसतं लोकांना रडवायला सांगितलं. आता काय तोंड दाखवू मी तिला? आयुष्यभर माईकवर चुलते आणि सावत्र सासवा घडवणारी ही बाई एवढ्याशा गोष्टीने भेदरून गेली होती. तिने दुसरा सिनेमा आणा म्हणून मालकाची मनधरणी केली. मग आईला घरात अडकवायला तिने गाद्या उन्हात घालायचं काढलं, मग खोकला काढला. आई म्हणाली, खोकला आहे तर तू घरी थांब, आम्ही जाऊन येतो. शेवटी तिघी गेलो. दुपारचा खेळ, आणि योगायोगाने तीच मागची रांग.

सिनेमाभर मावशी मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत होती. शेवटची लढाई आली, कौलं फुटली, मुखवटा गळून पडला. मोठीच्या हातातून तलवार सुटली आणि पांढऱ्या कपड्यातली आपल्या भाषेत स्वच्छ म्हणाली, "विष चढलं ना?"

मग पुढून सायकलवाल्याचा आवाज आला, "हे कसलं, ये आधी जेवून घे म्हण की." सगळं थिएटर हसलं. मावशी हसली नाही. पडद्यावर मोठी कोसळली आणि निळी तलवार एकटीच आकाशात निघून गेली.

दिवे लागले तरी आम्ही बसून राहिलो. झाडणारी बाई पुढच्या रांगांतून केर काढत येत होती. मावशी आईकडे न बघता म्हणाली, "धाकटे, मला भाषा येत नव्हती ग."

"मला माहीत होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"ती बहीण नाही हे. तिकडे मी पाहिला होता हा पिक्चर, ही पोटात असताना. खाली अर्थ सांगणारी अक्षरं येत होती." आईने माझ्याकडे हात केला. "म्हणून तर पाटी बघून आत शिरले. म्हटलं, बघू तरी, आता ताई काय सांगते. आणि तू त्या खुनी बाईला बहीण केलंस, घरी जेवायला बोलावलंस. तेव्हा मला कळलं, तू माझ्यासाठी गोष्ट बदललीस. नाहीतर मी कशाला आले असते पुढे?"

इतकी वर्षं आईने हे मनात ठेवलं होतं. मला वाटलं, आता मावशीचा जीव भांड्यात पडला. ती हो म्हणेल, तुझ्यासाठीच बदलली म्हणेल, आणि आम्ही उठून घरी जाऊ. कुणीही तेच म्हटलं असतं. पण मावशी खोटं बोलायची ती फक्त माईकवर.

"मी काहीच बदललं नव्हतं," ती म्हणाली. "मला ती खरंच बहीण वाटली. गाठोडं घेऊन निघाली, तेव्हाच वाटली."

झाडणारी बाई आमच्या रांगेशी येऊन थांबली होती. आईने हळूच विचारलं, "आणि ती शेवटपर्यंत आलीच नसती तर?"

"कशी नसती आली?" मावशी म्हणाली. "मी तिला जाताना पाहिलं होतं ना."