ट्रिप होईल ना, हरीभाऊ?

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. जुना ब्रेकर खोलला की सुकलेलं ग्रीस, दोन-चार मेलेल्या पाली आणि एखादा किस्सा बाहेर पडतोच! पाली आम्ही टाकून देतो. किस्से पोटात राहतात, आणि त्यातले निम्मे आठवले की अजून तळहाताला घाम सुटतो.

आसनगावला आमचं छोटं वर्कशॉप आहे. शहापूर-मुरबाडकडच्या गिरण्या, कारखाने, पंपहाऊस यांच्या जुन्या पॅनलमधले ब्रेकर आम्ही रिकंडिशन करतो. घरात शॉर्टसर्किट झालं की बोर्डावरची छोटी खटकी पडते ना, तिचाच हा कपाटाएवढा थोरला भाऊ. वर्षानुवर्षं गप्प बसायचं, आणि फॉल्ट आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडायची, म्हणजे आमच्या भाषेत ट्रिप व्हायचं. नवीन मॉडेल जुन्या पॅनलच्या खणात बसत नाही, म्हणून लोक जुन्यालाच नवे कॉन्टॅक्ट, नव्या स्प्रिंगा घालून घेतात.

खोलतात हरीभाऊ, मुरबाडकडचे, आमचे सगळ्यात जुने फिटर. तपासतात टेस्टिंगवाल्या सुरेखाताई. सही करतो मी. झोप कोणाची उडत असेल, ओळखा!

*

शहापूरजवळ एक भातगिरणी आहे. मालकीण मालूताई. नवरा गेल्यावर गिरणी एकटीनं चालवतात. त्यांच्या पॅनलचा ब्रेकर आम्ही तयार करून नेला, तर त्या दारातच उभ्या.

"जुनाच पुन्हा बसवणार? माझी माणसं काम करतात हिथं. काय झालं तर?"

मी टेस्ट रिपोर्ट पुढे केला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. त्या हरीभाऊंकडे वळल्या. "भाऊ, तुमी सांगा."

हरीभाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या सासूबाईंचा गुडघा बदलला ना? मंग सासू बदलली काय?"

"नाय हो!" मालूताई म्हणाल्या. "सासू तीच. पण आता माझ्या मागं मागं सगळीकडं फिरते, त्याचीच भीती वाटते!"

*

मुरबाडच्या एका कारखान्यातून ब्रेकर आला तो हळदकुंकवासकट. दसऱ्याला पूजा केलेली, हार तसाच आत. झेंडू सुकून गळला होता आणि दोरा ट्रिपच्या दांड्याला गच्च गुंडाळला होता.

सुरेखाताईंनी ट्रिपचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म! त्यांनी दांड्यावरच्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "हा महिनोन्‌महिने असाच चालू होता. आत फॉल्ट आला असता तर?"

हार काढायला गेलो तर सोबत आलेला ऑपरेटर ओरडला, "साहेब, देवाचा हार हाय! कात्री नका लावू."

हरीभाऊंनी आधी हात जोडले, मग कात्री लावली. "देव ट्रिप झाला नाय तरी चालंल रे. ह्यो झाला पायजे!"

*

आता माझीच फजिती. सिद्धगडाच्या बाजूला एका पंपहाऊसला ब्रेकर पाठवला. टेम्पो गेला, मी बेंच पुसायला घेतला, तर फडक्याखाली एक सर्क्लिप! ही बोटाच्या नखाएवढी पोलादी कडी असते. ती नसली तर आतली पिन सटकते, आणि पिन सटकली तर ब्रेकर उघडतच नाही.

फोन लावला. रेंज नाही. बाइक काढली. वाटेत हेल्मेटच्या आत मी काय काय बघितलं ते सांगत नाही. पोचलो तेव्हा ऑपरेटरचा हात हँडलवर होता.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरच्या म्हशी उठल्या.

सगळं खोललं. सर्क्लिप जागच्या जागी. बेंचवरची होती ती जुनी, बदलून काढलेली! हरीभाऊ काढलेला प्रत्येक पार्ट फडक्याखाली ठेवतात, हे मला ठाऊक होतं, पण आठवलं कुठं?

ऑपरेटर म्हणाला, "मंग आता चालू करू?"

मी म्हटलं, "कर."

तो दोन पावलं मागे सरला. "आता तुमीच करा, साहेब. मघापर्यंत मी घाबरलो नव्हतो!"

*

एका पोल्ट्रीवाल्यानं भंगारवाल्याकडून 'रिकंडिशन' ब्रेकर घेतला होता. चकाचक राखाडी रंग, वर टेस्टचा स्टिकर. "फक्त बघून द्या," म्हणाला.

हरीभाऊंनी कव्हर काढलं. कॉन्टॅक्ट उंदरानं कुरतडल्यासारखे खाल्लेले. स्टिकरवरचा नंबर वेगळ्याच ब्रेकरचा. रंग तर फिरत्या सांध्यांवरही मारलेला, म्हणजे सांधेच चिकटलेले!

"किती दिवस चालवताय?" सुरेखाताईंनी विचारलं.

"झाले की चार महिने. एकदापण ट्रिप नाय झाला," तो अभिमानानं म्हणाला. "एवढा चांगला हाय!"

*

आणि हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

मुरबाडच्या बाजूचाच कारखाना. शटडाऊन, म्हणजे सगळी वीज बंद, दुपारी दोनपर्यंत. ब्रेकर खणात बसवून झाला, सुरेखाताईंचे रीडिंग सगळे ओके. पॅनल पुसायला कॉन्ट्रॅक्टरची सहा माणसं होती. सावलीत जेवत होती. मी डोकी मोजली, सहा. 'सर्व माणसे बाहेर' या ओळीखाली सही केली.

मॅनेजर घड्याळ बघत होता. हरीभाऊंनी हँडलला हात घातला आणि तसेच थांबले.

"काय झालं?"

"आवाज येतोय."

सुरेखाताई म्हणाल्या, "स्प्रिंगचा असेल." पुन्हा तपासलं. स्प्रिंग ठीक.

हरीभाऊंनी हात घातला. पुन्हा थांबले. "नाय. येतोय."

"अहो, प्रॉडक्शन उभं आहे!" मॅनेजर भडकला. "रिपोर्ट ओके, सही झालीय, आता आवाज कसला? तुम्हाला जमत नसेल तर मी करतो!" आणि तो पुढे आला.

हरीभाऊ हँडलसमोर आडवे उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. "सायेब, हात लावायचा नाय. मला ऐकू द्या."

सगळे गप्प. पंखासुद्धा बंद. आणि मग मलाही ऐकू आलं. खर्र... खर्र... पॅनलच्या मागून.

मागचा पत्रा सरकला. बबन, त्या सहांतला सगळ्यात वयस्कर, हातात फडकं घेऊन वाकून बाहेर आला.

सुरेखाताईंनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग सावलीत. तिथे त्या पाच माणसांच्या शेजारी सहावा, आमचा टेम्पोवाला, आपला डबा धूत बसला होता.

बबननं घाम पुसला आणि हसून म्हणाला, "आतलं चकाचक केलं बघा. तुमी जेवलात काय सगळे?"