पावणेसात बादल्या

मी एकतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात कारकुनी केली. माझ्या मापात चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. हे आधीच कबूल करतो. गोष्ट माझी नाही, आमच्या खालच्या बिऱ्हाडातल्या मंजुषाची आहे. पण हा व्यंकटराव, म्हणजे मी, काय वल्ली आहे ते कळल्याशिवाय तिनं काय केलं ते कळायचं नाही.

मंजुषा सिल्लोडकडची, कापूस आणि मका पिकवणाऱ्या घरातली. डी.एड. झालेली, तेही पहिल्या वर्गात. पण तिच्या हातात प्रमाणपत्र पडलं आणि शिक्षकभरती जी थांबली ती थांबलीच. नवरा सोमनाथ शेंद्र्याला कारखान्यात. पुंडलिकनगरात आमच्याकडे ती दोघं राहायला आली, तेव्हा उमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, "तू काय करतेस गं?"

"मी शिक्षिका आहे, काकू."

"कुठल्या शाळेत?" मी वरच्या कठड्यावरून विचारलं.

"शाळा तेवढी मिळायचीय, काका," असं म्हणून ती हसली. मला ते हसणं आगाऊ वाटलं. मला तेव्हा बरंच काही आगाऊ वाटायचं.

२०१८ च्या पावसाळ्यानं तोंड फिरवलं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं. तिकडे बीड बायपासला सात-सात मजली इमारती उठत होत्या, आणि आमच्या नळाला पाणी आठव्या दिवशी. मी गच्चीवरच्या टाकीची मोटर बंद करून टाकली. अंगणातल्या हौदातून बादलीनं पाणी न्यायचं, असा नियम केला. आम्हाला धरून घरात चार बिऱ्हाडं. प्रत्येकाला रोज नऊ बादल्या, दहावी मागायची नाही. एका सहा फुटी बांबूवर मी लाल रंगानं सारख्या अंतरावर आठ खुणा केल्या होत्या, एका दिवसाला एक खूण. रोज सकाळी काठी हौदात बुडवायची आणि पाणी कुठल्या खुणेपर्यंत आहे ते पाहायचं. हौदाच्या झाकणाला कुलूप, आणि किल्ली माझ्या जानव्याला.

त्याच हिवाळ्यात मंजुषानं व्हिडिओचं चॅनल काढलं. चौथी-पाचवीच्या पोरांचं गणित ती शिकवणार होती, तेही पाण्यानं आणि डब्यांनी. लिटर म्हणजे काय, पाव म्हणजे काय, दोन पाव मिळून अर्धा कसा होतो, हे सगळं ओतून दाखवायचं. शिलाई मशीनवर पोह्यांचा डबा, डब्याला रबरानं बांधलेला फोन, असा तिचा सगळा संसार. पहिल्याच व्हिडिओत तिचा नेम चुकला आणि तांब्याभर पाणी बाहेर सांडलं.

"पुन्हा घे की," सोमनाथ म्हणाला.

"पाणी ओतलं ते ओतलं. दुसरं आणू कुठून?"

झालं, तोच तिचा कायदा ठरला. एका धड्याला एकदाच पाणी. धडा संपला की त्याच पाण्यात भांडी विसळायची, आणि उरलेलं कढीपत्त्याला. त्यामुळे जे चुकलं ते चुकलं, तसंच राहायचं. तो पहिला व्हिडिओ मी नंतर पाहिला. ती परीक्षेच्या पाठासारख्या आवाजात "बालमित्रांनो" म्हणते आणि मागून एक माणूस खेकसतो, "कोणी नळ उघडा ठेवलाय रे?" तो माणूस मी. व्हिडिओ चौदा वेळा पाहिला गेला, त्यातले नऊ वेळा सोमनाथनं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून.

पण पोरगी चिवट. दर आठवड्याला दोन धडे. महिन्याभरात "बालमित्रांनो" गेलं आणि "पोरांनो, इकडं बघा" आलं. मीही प्रत्येक व्हिडिओत होतोच, मागे कुठेतरी ओरडत. एकदा खाली कोणीतरी लिहिलं, "शिकवणं छान. ते ओरडणारे आजोबा कोण?" मंजुषानं मला ते कौतुकानं वाचून दाखवलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

सोमनाथ माणूस चांगला. पण फेब्रुवारीत त्यानं तिला सांगून टाकलं, "हे बघ, एक मेपासून पॅकिंगमधी जागा निघतीय. तवर तुला शाळेसारखं काय गावलं तर ठीक, नाय तर चल माझ्यासंगं." तिनं मान हलवली. त्या दिवशी भांडी जरा जास्त जोरात वाजत होती, असं उमा म्हणाली.

आता माझ्या हौदाचं. पाणी आलं की पहिले चार दिवस काठी माझ्या हुकमात चाले, रोज बरोबर एक खूण. पाचव्या दिवशी मात्र एकदम दोन खुणा खाली. सहाव्या दिवशी आणखी दोन, आणि संध्याकाळी बादली तळाला खरखरायची. मग नळ येईपर्यंत टँकर. हे नवं नव्हतं, प्रत्येक दुष्काळी उन्हाळ्यात असंच व्हायचं. माझा निष्कर्ष पक्का होता: चार दिवस सगळे सज्जन असतात, पाचव्या दिवसापासून कोणीतरी नऊच्या बारा बादल्या भरतो. २०१६ साली याच संशयावरून मी बद्रीनाथ नावाच्या भाडेकरूला घालवलं होतं. एका शाळेत शिपाई होता. टेम्पोत गाद्या चढवताना तो एवढंच म्हणाला, "काका, आम्ही पाणी नाय चोरलं हो."

या वेळी संशय कोणावर गेला हे सांगायला नकोच. एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा बादली खरखरली आणि मी तरातरा खाली गेलो.

"तुझ्या त्या व्हिडिओत पाण्याचा खेळ चालतो ना, तेच हे! उद्यापासून माझ्या घरात पाण्याचे व्हिडिओ बंद. आणि पुढच्या खेपेला सहाव्या दिवशी पाणी संपलं, तर खोली रिकामी करा."

तिचा चेहरा पडला. पण रडली नाही. म्हणाली, "काका, एक आठवडा द्या. पाणी कुठं जातं ते मी मोजून दाखवते. माझ्यामुळं जात असंल, तर चॅनल बी बंद अन् खोली बी खाली."

मोजून दाखवते! मोजणी खात्याच्या माणसाला! मी मोठ्या खुशीत हो म्हणालो.

नळ आला, हौद काठोकाठ भरला आणि मोजणी सुरू झाली. उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या मुलीची मुलगी, स्वरदा, नऊ वर्षांची, परीक्षा संपवून आमच्याकडे आली होती. मंजुषानं तिच्या हातात खडू दिला. एक बादली निघाली की भिंतीवर एक रेघ. रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा व्हिडिओ: आज किती रेघा, काठी कुठल्या खुणेवर. नाव काय दिलं होतं, तर 'हौदातला चोर कोण?' लोकांना असल्या गोष्टींची भारी हौस. रोज बघणाऱ्यांची संख्या तीनशेवर गेली. कोणी मांजरावर संशय घेतला, कोणी चक्क माझ्यावर.

मी पायरीवर बसून पाहत होतो. एरवी तिथे बसून मी पेपर वाचायचो. त्या आठवड्यात पेपर घडीसुद्धा न मोडता पडून राहिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर एकशे चव्वेचाळीस रेघा झाल्या आणि काठीवर पाणी बरोबर अर्ध्यावर. "बघा!" मी म्हणालो. पाचव्या दिवशी छत्तीसच बादल्या निघाल्या, मी स्वतः मोजल्या, आणि काठी दोन खुणा खाली. मी काठी पुसून पुन्हा बुडवली. तेच. सहाव्या दिवशी पुन्हा छत्तीस आणि बादली खरखरली. वरच्या अर्ध्यात एकशे चव्वेचाळीस, खालच्या अर्ध्यात बहात्तर. दहावी बादली कोणीही भरली नव्हती.

मंजुषानं तिथेच अंगणात व्हिडिओसाठी फोन उभा केला. चार सारखे डबे आणले. खाली दोन, वर दोन, असे रचले.

"पोरांनो, इकडं बघा. काकांच्या काठीप्रमाणं हौद असा आहे. चार डबे. वरच्या दोन डब्यांतून निघाल्या एकशे चव्वेचाळीस बादल्या. मग खालच्या दोनातून किती निघायला पाहिजेत?"

"तितक्याच!" स्वरदा ओरडली.

"पण निघाल्या निम्म्या. म्हणजे खाली दोन डबे नाहीतच. एकच आहे." तिनं खालचा एक डबा काढून घेतला. वरचे डबे कलंडायला लागले, म्हणून कढीपत्त्याच्या आळ्यातला एक दगड उचलून तिथे टेकवला. "चारातले तीनच डबे. म्हणजे पाऊण हौद. मग नऊ बादल्यांच्या जागी प्रत्येकाला किती घ्यायला हव्यात?"

स्वरदानं खडू घेतला आणि गुणाकार मांडायला लागली. आजकालच्या पोरांना पाढा म्हणून येत नाही! माझा संताप अनावर झाला आणि लहानपणी घोटलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, माझ्या तोंडून उसळून बाहेर आली, "अगं, मांडतेस काय? सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा, नऊ पाऊण पावणेसात! पावणेसात बादल्या!"

निकाल मीच दिला होता, आणि आरोपीही मीच होतो.

तेवढ्यात मेथी निवडत बसलेली उमा त्या डब्यांकडे बघत म्हणाली, "अगो बाई, हा दगड! हौद खणताना तिथेच तर काळा खडक लागला होता. गवंडी म्हणाला, खाली अर्ध्या बाजूला तो तसाच सोडून बांधतो. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तुमची बदली बीडला होती ना?"

सांगितलं होतं. मला स्वच्छ आठवलं. मी म्हणालो होतो, "बरं बरं, ठेव आता." दरवर्षी हौद धुवायला माणूस आत उतरायचा आणि मी वरून सूचना द्यायचो. आत काय आहे ते कधी वाकून पाहिलं नाही.

"बंद कर तो फोन!" मी ओरडलो. "हे टाकलंस तर याद राख!"

"नाय टाकणार, काका. तुमचं घर आहे." तिनं फोन बंद केला, डबे एकात एक घातले. मग हळूच म्हणाली, "पण लई चांगला झाला होता हो."

माझं जेवणात लक्ष लागेना. उमानंही आग्रह केला नाही. "बद्रीनाथ गेला तेव्हा मला खडक आठवायला हवा होता," ती म्हणाली, आणि मी ताट बाजूला सारलं. मला लाज वाटली. सरळ सांगतो, इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. हौद मी चुकीचा मोजला, त्याचं काही नाही, पण माणसंही मी त्याच काठीनं मोजली होती.

सकाळी मी खाली गेलो. "टाक तो व्हिडिओ. पण शेवटी मला दोन शब्द बोलायचेत."

तिनं पोह्यांचा डबा मांडला. "काका, एकदाच हं. दुसऱ्यांदा नाय."

मी तयारी तर मोठी केली होती. पण फोनसमोर उभा राहिलो आणि एवढंच सुचलं, "चोर सापडला. मोजणाराच चोर निघाला. बद्रीनाथ, माझं चुकलं रे बाबा." चष्मा पुसायला काढला तर तो हातातून पडला आणि मी "अरे देवा" म्हणालो. तेही तसंच राहिलं.

हजारोंनी पाहिला तो व्हिडिओ. लाखांनी नाही, उगाच फुगवून सांगत नाही. त्यातल्या एकानं लिहिलं होतं, "काका, चष्मा फुटला तर नाय ना? आम्ही आता गारखेड्यात राहतो. चहाला या. बद्रीनाथ." मी त्याच दिवशी गेलो. त्याच्या बायकोनं आधी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आम्ही तिघंही हसलो, डोळे पुसत हसलो.

खरी गंमत एप्रिलच्या शेवटी झाली. मंजुषाच्या माहेराजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी तिचे धडे वर्गात दाखवले होते. पोरांनी गावात येणारा टँकर तिच्या पद्धतीनं मोजला, गावाच्या विहिरीत काठी सोडली, पाऊणकी पाठ केली. मग गुरुजींनी एक व्हिडिओ करून धाडला. चाळीस पोरं ओळीत उभी, आणि एका सुरात, "एक साथ नमस्ते, बाई!" खाली गुरुजींचा निरोप, जूनपासून दर शनिवारी तुमचा धडा आमच्या वेळापत्रकात लावला आहे, चालेल ना? मंजुषानं तो व्हिडिओ उभ्यानं पाहिला, मग खाली बसून पाहिला, मग पदराआड तोंड लपवून ढसाढसा रडली. सोमनाथनं फोन तिच्या हातातून घेतला, पोरं मोजली, चाळीसच्या चाळीस. दुसऱ्या दिवशी त्यानं पॅकिंगच्या माणसाला सांगितलं, "आमच्या बाईसाहेबांना शाळा लागली."

तोवर घरात पावणेसात बादल्यांचा नियम सुरू झाला होता. पाऊण बादली कशी भरायची ते स्वरदानं प्रत्येक बादलीवर आतून लाल रंगाची रेघ मारून दाखवलं. माझी काठीही बदलली. वरच्या खुणा दाट, खालच्या लांब लांब. मंजुषानं सांगितल्या तशा मी मुकाट्यानं रंगवल्या.

नव्या नियमाच्या पहिल्याच खेपेला, आठव्या दिवशी सकाळी नळ आला, तेव्हा मी हौदाजवळच होतो. एरवी पहिली धार कोरड्या तळावर आपटायची. त्या सकाळी तसा आवाज आला नाही. मी वाकून पाहिलं, बांधल्यापासून पहिल्यांदाच आत वाकून पाहिलं. तळाशी वीतभर पाणी शिल्लक होतं, शेजारी काळा खडक डोकं वर काढून होता, आणि नवं पाणी जुन्या पाण्यात पडत होतं.

मला राहवेना. एरवी मी "सोमनाथ, तुझ्या बायकोला सांग" असं ओरडायचो. त्या दिवशी खालच्या दाराशी गेलो, कडी वाजवली आणि म्हणालो, "बाई, पाणी आलं. लवकर या, अजून पहिलंच शिल्लक आहे."