भर उन्हात बंद पडलेलं मशीन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी दिसतो तो आमच्या ठाण्यातला थांबलेला पंखा. बाकी सगळं नंतर.

दुष्काळाचं साल होतं. मी बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगराकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बंदोबस्त कसला, तर टँकरचा आणि चारा छावणीचा. बाप्ये जनावरं घेऊन छावणीत मुक्कामाला, घरी बायका आणि म्हातारी माणसं. अशात एका दुपारी फोन आला. आवाज बाईचा, ठाम. म्हणाली, माझ्या आईला भावजयीनं मशीन बंद करून मारलं, लिहून घ्या.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन निघालो. घर खातंपितं. म्हातारीची फुफ्फुसं निकामी झालेली, त्यामुळे ती कायम ऑक्सिजनच्या मशीनवर. लाईट जायची, म्हणून घरात एक सिलिंडर ठेवलेलं. गावच्या दूध सोसायटीनं सभासदांसाठी सोलरची योजना आणली, तेव्हा या घरानं सगळ्यांत आधी नाव दिलं. स्लॅबवर पॅनेलं बसून जेमतेम पंधरवडा झाला होता. आता दिवसा तरी घोर नाही, असं घरात सगळे म्हणायचे.

घटनेच्या दिवशी मुलगा रिकामं सिलिंडर भरून आणायला बीडला गेलेला. घरात सासू आणि सून, दोघीच. दुपारी गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि लाईट गेली. विहिरीच्या तळाला उरलेलं पाणी ओढायला सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की दुसरं काय होणार!

पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, अकस्मात मृत्यू दाखल केला. अंगावर खूण नव्हती. शेजाऱ्यांचे जबाब मात्र सुनेच्या विरोधात जात होते. म्हातारीचा जीव गेला त्या वेळी सून बादली घेऊन स्लॅबवर होती, हे दोन घरच्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच सकाळी पाण्यावरून सासूसुनेची वाजली होती, हेही गल्लीनं ऐकलं होतं. लाईट सगळ्या गावाची गेली होती, असं मी फोन करणाऱ्या लेकीला म्हणालो. ती माझ्यावरच उखडली.

"गावाची गेली आसंल, साहेब. आईच्या घरावर सोलर हाय. ऊन व्हतं का न्हाई?"

ऊन तर डोकं फुटेल एवढं होतं.

दुसऱ्या दिवशी सून वडिलांबरोबर ठाण्यात आली. महिला अंमलदारासमोर विचारपूस सुरू केली. रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यांच्याकडून खरं काढणं सोपं. ही रडेना. मशीनचं बटण कुणी बंद केलं? म्हणे, कुणीच न्हाई. मग बंद कसं पडलं? ठाऊक न्हाई. सासू तडफडत असताना वर कशाला गेलीस? यावर तिनं मान खाली घातली. माझाही पारा चढला. मी टेबलावर हात आपटला, आणि त्याच क्षणी लाईट गेली.

डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. हवालदार वैतागून म्हणाला, "कालच तर वर सोलर बसवून गेले ना हे लोक! एवढं ऊन असून पंखा बंद?"

सुनेनं मान वर करून पंख्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"असंच झालतं, साहेब," ती म्हणाली.

मी वीज कंपनीच्या इंजिनिअरला बोलावून घेतलं. त्यानं सांगितलं, या सोलरला बॅटरी नाही, ते लाईनीला जोडलेलं असतं. लाईन गेली की ते आपोआप बंद होतं, नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला लाईनमन मरेल. म्हणजे बिघाड नव्हताच. ते बनवलंच तसं होतं.

डीपी बदलल्यावर सगळ्यांना त्या घरी नेलं. लेकही आली. भर दुपारी पंचांसमोर मीटरजवळचा मेन स्विच पाडला. मशीन एक शिट्टी देऊन बंद पडलं. वर पॅनेलं उन्हात चमकत होती. लेक भिंतीला टेकून खालीच बसली.

सोसायटीच्या कारभाऱ्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, आम्ही फक्त बिल कमी येईल म्हणालो, लाईट जाणार नाही हे लोकांनी मनानंच धरलं. पुष्कळ कलमं चाळली. एकही लागू होईना.

सून सुटली. कागदावर सुटली. मी तिला सांगायला गेलो, की पोरी, तुझ्यावरचा संशय गेला. तेव्हा कुठं ती बोलली. धुळीनं पॅनेल कमी चालतं असं बसवणारा बोलला होता. म्हणून ती आपल्या वाटणीच्या पाण्यातून रोज पॅनेलं पुसायची. सकाळचं भांडण त्याचंच. नवऱ्याला बीडला पाठवलं तेही तिनंच, दिवसा जाऊन या, ऊन हाय तवर काळजी न्हाई, असं सांगून. मशीन बंद पडलं तेव्हा तिला वाटलं, धूळ साचली. दवाखान्यात न्यायला गाडी शोधायची सोडून ती बादली घेऊन वर धावली.

लोक मला विचारतात, घरावर सोलर घ्यावं का? जरूर घ्या. पण बसवणाऱ्याला आधी एवढं विचारा, की लाईन गेल्यावर हे चालेल का, बॅटरी आहे का. आणि घरात कुणाचा श्वास मशीनवर असेल, तर भरलेलं सिलिंडर उशाशी ठेवा, वर कितीही ऊन असो. नोकरीभर मी गुन्हेगार शोधले. या मरणात तो सापडला नाही, आणि सापडला नाही म्हणून ते सगळं त्या एकट्या बाईवर येऊन पडलं. ज्या पुराव्यानं मी तिला सोडवलं, त्यानंच तिला कळलं की वर गेलेला तो वेळ फुकट होता.

निघताना तिनं मला दारात थांबवलं.

"लाईन न्हाई तर ते चालणारच नव्हतं," ती म्हणाली. "मग खाली आत्याबाईंचा जीव जात व्हता तवा मी वर कशाला पुसत व्हते, साहेब?"

मी टोपी घातली आणि जीपमध्ये जाऊन बसलो.