मी आज काय झेललं

मंडळी, दवाखान्यातून आत्ताच आलेय.

सकाळी चहा घेताना मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एक बातमी वाचून दाखवली. हातातून सुटलेला फोन आपण पडतोय हे हवेतच ओळखणार आणि काच वाचेल असा वळणार. एका कंपनीनं या युक्तीचं पेटंट घेतलंय.

मामा हसले. "म्हंजे फोनला मांजराची अक्कल दिली म्हण की!"

तेवढ्यात नळाला पाणी आलं, चार दिवसांनी. बाथरूमवरची टाकी भरतीय का बघायला मामा शिडीवर चढले. टाकीत अंधार असतो, म्हणून बॅटरी लावून माझा फोन मीच त्यांच्या हातात दिला. नवा फोन, महिनाही झाला नाही. खाली शिडी धरून मी उभी होते.

ते टाकीत वाकणार तोच फोन निसटून खाली आला.

मी शिडी सोडली. दोन्ही हातांनी फोन झेलला.

ओल्या फरशीवर शिडी सरकली आणि मामा माझ्यासमोर धाडकन आदळले. मनगट मोडलंय. फोनवर साधा ओरखडा नाही.

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, कसे पडलात?"

माझ्याकडे न बघता मामा म्हणाले, "माजाच पाय घसरला की."

घरात सगळ्यांना तेच खरं वाटतंय. माझा नवरा ही पोस्ट वाचेल. वाचू दे. मामांचा पाय घसरला नव्हता.

खरं सांगा, तुम्ही शिडी धरून ठेवली असती?