गळ्यातलं कडं

आमच्या गावच्या यात्रेत शेवटची कुस्ती जिंकणाऱ्याला चांदीचं कडं मिळतं. ते त्याच्या हातात घालत नाहीत, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात. बाहेरगावचा पाव्हणा हे पाहतो आणि हमखास विचारतो, कडं गळ्यात कसं? मग गावातली तरणी पोरं त्याला निंबाखाली बसवून कारणं सांगायला लागतात. कोणी एखाद्या राजाची गोष्ट रचतं. कोणी म्हणतं, काळा दोरा नजर लागू नये म्हणून. परवा तर एकानं माझ्यादेखत ठोकून दिलं की कडं काळजाजवळ असावं असं शास्त्रात आहे. मी मास्तर माणूस, शास्त्राचं नाव निघालं की गप्प बसतो. खरं कारण पुरणपोळी आहे. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पोटावर ठेवून सांगितलं तर जास्त बरं, कारण त्यातल्या निम्म्या पोळ्या तिथंच गेल्या आणि अजून हललेल्या नाहीत.

मुळात कडं नव्हतंच. माझ्या जन्माआधी जिंकणाऱ्याला फेटा बांधायचे. एका साली निकालावरून वाद झाला. शेजारच्या कोरीट गावच्यांनी फेट्याचं एक टोक धरलं, आमच्यांनी दुसरं, आणि दोन्ही गावं आपापल्या वाटणीचा फेटा घेऊन घरी गेली. तेव्हा मारवाडातून येऊन नंदुरबारात दुकान थाटलेले एक शेठजी यात्रेला येत असत. त्यांनी भरीव चांदीचं कडं घडवून दिलं. सांधा नाही, फासा नाही. ओढून फाडता येणार नाही असं. वर अट घातली: जिंकेल त्यानं ते वर्षभर हातात ठेवायचं, पुढच्या यात्रेला आपल्या हातानं उतरवून ताटात ठेवायचं, आणि ते कधी कापायचं नाही. ज्याच्या हातात कडं तो ‘मल्ल’. नुसता पहिलवान नव्हे, मल्ल. हा किताब गावानं इतका मनावर घेतला की सणावाराला मल्लाच्या घरी एका घरातून ताट जायला लागलं. खापरावरच्या पुरणपोळ्या, तूप, रशी, कुरडया, भजी. मल्लाचं ताट परत पाठवायचं नाही आणि त्यात काही उष्टं टाकायचं नाही, असाही रिवाज पडला. शेठजींच्या अटीत हे नव्हतं. पण आमच्या गावाला अटी कमी पडलेल्या आवडत नाहीत.

कडं पहिल्यांदा कोरीटच्या एका शेतकऱ्याकडं गेलं. प्लेगच्या सालात यात्राच भरली नाही, तेव्हा ते त्याच्याच हातात राहिलं. मग एकदोन हात फिरून ते माझ्या थोरल्या काकांच्या हातात आलं आणि तिथं चांगलं मुरलं.

माझ्या कुस्तीबद्दलही इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी विचारायला नको. मी आयुष्यात एकदा फडात उतरलो, रेवड्यांच्या कुस्तीत. समोरच्यानं मला उचललं, इकडंतिकडं पाहिलं आणि जिथं माती मऊ होती तिथं ठेवलं. त्याचे मी आजही आभार मानतो. पुढं मी गावच्या शाळेत मास्तर झालो. शाळेत ‘आहे’ शिकवायचं आणि घरी अहिराणीतलं ‘शे’ बोलायचं, एवढाच व्यायाम उरला.

काका मात्र खरे मल्ल. पण सालं गेली तसं ताटांचं काम हातावर दिसायला लागलं. दर यात्रेला कडं उतरवताना जरा तेल लागायचं, मग जरा जास्त लागायचं.

मी नुकता शाळेत लागलो होतो, त्या सालची गोष्ट. समोर तळोद्याचा एक घाणेवाला उभा होता. तापीपल्याड त्याचा तेलाचा घाणा होता. माणूस आडवा, बोलका आणि हसरा. काका ताटाजवळ गेले, कडं ओढायला लागले. कडं हलेना. पंच म्हणाले, “आधी लढ, मंग काढू.” कड्यावर फडकं गुंडाळलं आणि ढोल सुरू झाला.

काकांनी बराच वेळ तग धरला. मग घाणेवाल्यानं ढाकेचा डाव लावला आणि काकांची पाठ काळ्या मातीला पुरी टेकली. पंच वाकून पाहत होते, तोवर काका खालूनच म्हणाले, “पडनू.”

मी जवळ होतो. मी स्पष्ट ऐकलं. पण ढोल जोरात होता, आणि गावाला ते ऐकायचंही नव्हतं.

घाणेवाल्यानं काकांना हात देऊन उठवलं आणि आपला हात पुढं केला. आता कडं. पाणी झालं, राख झाली. घाणेवाल्याचा सोबती गाडीतून तेलाचा डबा घेऊन धावत आला. काकांचं मनगट लालबुंद झालं, पण कडं अंगठ्याच्या गाठीपाशी अडलं ते अडलं.

“मन्हा घाणानं तेल,” घाणेवाला कपाळाला हात लावून म्हणाला, “आनी मन्हंच काम करस नही!”

गर्दीतून सोनार पुढं आला. कानस मारू, म्हणाला. तोच बायकांच्या बाजूनं काकूंचा आवाज आला, “घरधनीना हातनं फोडतंस? मन्ह्या बांगड्या आजून हातमा शेतस!”

सोनार मागं सरकला. घाणेवालाही म्हणाला, “फुटेल कडं माले बी नको. ते घालीसन तळोदामा गया तर लोक म्हनतीन, चोरीसन आनं.”

पाटलांनी मग गळा साफ केला. “मंग ठरनं. जवलोंग उतरस नही, तवलोंग कडं गावमाच ऱ्हाई.”

गावानं असा काही जल्लोष केला की जणू काकाच जिंकले. कडं गावात, म्हणजे मल्ल गावात. काकांना खांद्यावर घेऊन मिरवायला निघाले. वजनाच्या मानानं ती मिरवणूक लवकर आटोपली.

घरी आल्यावर काका ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, “मी पडनू ना रे?”

“हो, काका.”

“मंग मी मल्ल कसा?”

काका मनगट चोळत राहिले. “दुसरानं नाव हातमा घालीसन फिराले लाज वाटस,” म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. कडं आपल्या हातानं, न फोडता, ज्याचं त्याला द्यायचं.

त्यासाठी हात बारीक व्हायला हवा होता. हात बारीक व्हायचा तर ताट थांबायला हवं. पण ताट मल्लाचं होतं. कडं होतं म्हणून ताट येत होतं आणि ताट येत होतं म्हणून कडं निघत नव्हतं. काका ताट आणणाऱ्याला सांगत, “मी मल्ल नही रे भो.” तो कड्याकडं बोट दाखवी आणि पोळ्यांवर तूप वाढी. गावाला ही युक्ती फार लवकर समजली. पूर्वी सणाला एका घरचं ताट यायचं. होळीला दोन घरांतून आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर आमरसाचा हंडाच आला.

घाणेवाला दर बाजाराला तेल घेऊन तापी ओलांडायचा. आमच्या दारात गाडी थांबवून ओरडायचा, “पहिलवान, मन्हं कडं कसं शे?”

“खुशाल शे!” काका आतून ओरडत.

मग तो आत येई, काकांचं मनगट दोन बोटांनी चाचपून पाही, बैल विकत घेताना पाहतात तसं. “हाई तं उलटं जाडं व्हयनं,” म्हणे. काकू चहा ठेवत. दोघं ओट्यावर बसून जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी करत, आणि निघताना तो कड्याला नमस्कार करून जाई. कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं की या दोघांपैकी एकानं दुसऱ्याला पाडलं होतं.

शेवटी काकांनी मला बाजूला घेतलं. “तू मास्तर शे. तुले कोनी ताट देत नही. मन्हामांगे बठत जाय.”

मी त्यांच्या पाठीमागं बसायला लागलो. ताट पुढं आलं की पोळ्या मागच्या मागं माझ्याकडं. आणणाऱ्याला रिकामं ताट दिसे, काकांना समाधान वाटे, आणि मला मास्तरकीच्या पगारात न मिळणारं तूप मिळे. माझ्या आयुष्यातलं कुस्तीशी जुळलेलं हे एकच यश. ते फार टिकलं नाही. पोळ्याच्या सणापर्यंत माझ्या सदऱ्याच्या गुंड्या लागेनाशा झाल्या, आणि पाटलांनी शाळेच्या दारातच मला खालीवर न्याहाळलं. दसऱ्याला दोन ताटं आली. एक मल्लाचं आणि एक, असं आणणारी बाई म्हणाली, “मल्लना पुतण्यानं.”

मला तेही खावं लागलं. रिवाज आहे.

दिवाळी झाल्यावर काकांनी घोंगडी उचलली आणि तळोद्याला जायला निघाले. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. “ज्यानी पाडं त्यानाच घर ऱ्हावाले जातंस?”

“तो कड्याना मालक शे,” काका म्हणाले. “त्यानाच घर माले कोनी मल्ल म्हनाव नही.”

आणि तसंच झालं. तळोद्यात त्यांना कोणी मल्ल म्हटलं नाही, म्हणून ताटही आलं नाही. घाणेवाल्याच्या बायकोनं भाकरी आणि ठेचा वाढला. पहाटे दोघं एकमेकांना घाम फुटेपर्यंत मातीत लोळवत, मग काका घाण्यावर बसत. मी रविवारी नावेनं तापी ओलांडून त्यांना पाहायला जायचो. काकू माझ्याजवळ पुरणपोळ्यांचं गाठोडं द्यायच्या. काकांचं भलं व्हावं म्हणून ते गाठोडं मी पलीकडचा काठ येण्याआधीच रिकामं करायचो. नावाडी हसायचा. त्यालाही मी वाटा द्यायचो, निदान नाव तरी समतोल चालावी.

“पोऱ्या,” काका मला पाहून म्हणायचे, “तू येस तवय नाव खाल जास.”

पौषात एका रविवारी मी पोचलो तेव्हा काका बैलापुढं ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, टाकत होते. टोपलीत हात घातला, बाहेर काढला, तर मनगट रिकामं. ते आपल्या हाताकडं पाहत राहिले. घाणेवाला टोपलीकडं पाहत राहिला. बैलानं तेवढ्यात तोंड घातलं म्हणून दोघंही एकदम धावले.

कडं निघालं ते ढेपेनं आणि तेलानं माखलेलं. काकांनी ते धोतराला पुसून पुढं केलं. “ले. तुन्हं शे.”

घाणेवाल्यानं हात मागं घेतला. “आठे नको. बैलनी दखं, आनी कोनी दखं? घाल परत. यात्रामा उतारजो.”

मग काकांनी घाण्यावरची एक चिंधी मनगटावर गुंडाळली आणि त्यावर कडं चढवलं, खाली पडू नये म्हणून. तेलानं ती चिंधी काळीकुट्ट होती.

यात्रेच्या दिवशी काका फडात आले तेव्हा गाव खुशीत होतं. त्यांना वाटलं, मल्ल बारीक होऊन आला, म्हणजे यंदा कडं लढून राखणार. ढोल वाजायला लागले. काकांनी हात वर करून ते थांबवले. चिंधी सोडली, हात ताटावर धरला, आणि कडं आपोआप खाली पडलं. आख्ख्या फडाला तो आवाज ऐकू गेला.

“मांगला सालले मी पडनू,” काका म्हणाले. “तवय ढोल व्हता. आते तरी आयकं का?”

पाटील आपल्या पायातल्या जोड्यांकडं पाहत होते. मग मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, “आयकं रे भो, आयकं.” आणि एकदम सगळेच बोलायला लागले.

घाणेवाला पुढं आला, ताटातलं कडं उचललं आणि हातात घालायला गेला. ते त्याच्या बोटांपाशीच अडलं. त्यानं अंगठा आत दुमडला, तोंड वाकडं केलं, तेल मागितलं. घाण्यावर जन्म गेलेला पंजा तो, कड्यात शिरेना. फडात हशा पिकला. पाटलांच्या चेहऱ्यावर आशा आली. “बसत नही, मंग...” त्यांनी सुरुवात केली.

काकांनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. जमिनीवरची ती काळी चिंधी उचलली, कड्यातून ओवली, आणि घाणेवाल्याच्या गळ्यात बांधली. गाठ घट्ट मारली. “आते उतरी बी, चढी बी,” म्हणाले.

तेव्हापासून कडं गळ्यात आहे. घाणेवाल्यानं त्या साली ते राखलं, पुढं गमावलं. मग ते शहाद्याकडं गेलं, परत आलं, अजून फिरतंय. चिंधी कुजल्यावर कोणीतरी काळा दोरा आणला, कारण पहिलीही काळीच होती. नजरेचं शास्त्र नंतर जन्मलं.

त्यानंतरच्या होळीला आमच्या घरी ताट आलं नाही. मी सवयीनं काकांच्या मागं जाऊन बसलो होतो. काकूंनी चुलीवरून पोळी काढली आणि जरा बिचकत विचारलं, “वाढू का?”

काकांनी मनगट पुढं केलं. कडं होतं तिथं गोरा पट्टा उमटला होता, आणि काका तो पट्टा अंगठ्यानं चोळत होते.

“घरनी शे ना?” ते म्हणाले.

“घरनीच शे.”

“मंग वाढ. आनी हाऊ मांगे काब्र बठना? त्याले म्हना, आपलं ताट लिसन पुढे ये.”