वन्संच्या रिपोर्टनंतर

दवाखान्याच्या बाकावर बसलं की किस्से आपोआप जमतात. मी जपाची माळ घेऊन जायची, पण माळ पर्समध्येच राहायची आणि कान शेजारच्या बाकावर. गेल्या वर्षात तर आमच्याच घरचे इतके साठलेत, की सांगून टाकलेले बरे.

सुरुवात माझ्या नणंदेपासून, सुलभावन्संपासून. त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला, उपचार झाले, देवाच्या कृपेने आज बऱ्या आहेत. पण डॉक्टरांनी जीनची तपासणीही करून घेतली. त्यात निघालं, की एका जीनमध्ये जन्मापासूनच बदल आहे, आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला. म्हणजे सख्ख्या भावातही असू शकतो. सख्खा भाऊ म्हणजे आमचे हे. आणि यांच्यात असला, तर आमच्या ऋचात? सत्तावीस वर्षांची पोर.

*

तपासणीआधी सगळं समजावून सांगणारी हेतल नावाची गुजराती मुलगी होती. ती कागदावर घराणं काढत होती, बाईला गोल, पुरुषाला चौकोन. "काका, फॅमिलीत अजून कोणाला कॅन्सर?"

"कोणालाच नाही," हे ठणकावून म्हणाले.

मला काही पटेना. घरी आल्यावर मी यांच्या ताराकाकूंना गाठलं. जुनं सगळं त्यांनाच माहीत.

"काकू, यांच्या आत्या कशाने गेल्या हो?"

"तिला ते झालं होतं."

"आणि आजेसासूबाई?"

"सासूबाईंनाही तेच."

"ते म्हणजे कॅन्सर?"

काकूंनी मागे वळून पाहिलं. "हळू बोल. देव्हारा उघडा आहे."

*

एवढं कळूनही हे तपासणीला तयार होईनात. "बायकांचा आजार. माझा काय संबंध?"

हेतल शांतपणे म्हणाली, "काका, हा जीन बाप पण देतो. तुमच्यात असला तर दर मुलाला, दर मुलीला फिफ्टी-फिफ्टी. आणि आला म्हणजे कॅन्सर होणारच, असं पण नाही. चान्स वाढतो, एवढंच."

"मी चौतीस वर्षं वाघोडियाच्या फॅक्टरीत क्वालिटी डिपार्टमेंटला काढली. मला शिकवू नका."

वन्सं शेजारीच बसल्या होत्या. केस नुकते परत यायला लागले होते त्यांचे. म्हणाल्या, "दादा, चौतीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासलास. आता स्वतःचा सँपल दे."

*

सँपल म्हणजे लाळ. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मी म्हटलं, "एवढंच? मी निर्जळी एकादशी करते."

"काकी, तुमची टेस्ट नथी," हेतल हसून म्हणाली.

पण यांचं तोंडच कोरडं पडलं. दहा मिनिटं झाली, नळीत नुसता फेस. एरवी फुशारकी मारणारा माणूस नळी हातात धरून घाबरून बसलेला. मला गलबलून आलं. मी जवळ जाऊन हळूच सुरू केलं, "लहरीपुऱ्याच्या बाजारात मागे आपण सेव-उसळ खाल्ली, आठवतं? तिखट तर्री, वर बारीक शेव, कांदा, आणि तुम्ही लिंबू पिळलंत, अख्खं."

नळी भरली. हेतल म्हणाली, "काकी, तुम्ही रोज येत जाव."

*

रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे. मी सोळा सोमवार धरायचे ठरवले आणि संकल्पाशी अडले. मागायचं काय? जे असेल ते यांच्यात जन्मापासूनच असणार. देवाला मागचं बदलायला कसं सांगायचं? गुरुजींना विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून हेतलला फोन केला.

ती म्हणाली, "काकी, उशीर होऊ नये, असं मागा. बाकीचं आम्ही बघू."

तेच मागितलं.

*

यांच्यात तो बदल निघाला. मग ऋचाने स्वतःहून नळी भरली, कोणाला सेव-उसळ सांगावी लागली नाही.

तिचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघेच घरात होतो. तिने फोनवर वाचला आणि म्हणाली, "माझ्यातही आहे." आजार नाही, फक्त शक्यता जास्त, आतापासून दरवर्षी नीट तपासण्या करायच्या, हे सगळं ती मलाच समजावत होती. मी मान डोलावत होते.

हे मात्र खिडकीकडे तोंड करून उभे. तसेच म्हणाले, "माझ्याकडून आलं ना."

"हो बाबा, तुमच्याकडूनच," ऋचा म्हणाली. "दहावीला गणितात शंभर पडले, तेव्हा 'माझ्यावर गेली' म्हणत अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होतेत. आज का तोंड फिरवताय?"

हे वळले. डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"गणित माझं नाही गं," म्हणाले. "मला बोर्डात छत्तीस मार्क होते. ते तुझ्या आईचं आहे."